सोन्याच्या पानामागचा ससा

दसऱ्याचं सोनं दरवर्षी माझ्याकडे असतं. नॉटिंगहॅममध्ये आपटा उगवत नाही आणि भारतातून पानं आणायला जावं तर विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात, म्हणून आमच्या मराठी मंडळात आम्ही सोनेरी कार्डाची पानं वाटतो. बारा-तेरा वर्षं ती मी घरी कापली. डायनिंग टेबलावर कार्डाचे ताव, हातात कात्री, अंगठ्याला फोड, आणि समोर चहा पीत बसलेला नवरा सल्ला देणार की देठ जरा जाड झालाय. तीन वर्षांपूर्वी माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, अहो, कशाला कापत बसता, यंदा स्पॉन्सर पानं छापूनच देतोय.

अध्यक्षांना आम्ही सगळे काका म्हणतो. सत्तरी ओलांडलेत, मनाने फार चांगले, पण समोरच्याने हसून काही देऊ केलं की हे गृहस्थ विरघळलेच. स्पॉन्सर म्हणजे लेस्टरच्या बाजूला शेतांमध्ये असलेलं एक शूटिंगचं मैदान. मातीच्या बशा यंत्राने हवेत उडवायच्या आणि शॉटगनने फोडायच्या, असा तो खेळ. तिथला मॅनेजर काकांचा शेजारी. मला वाटलं, असेल बाबा मोठ्या लोकांचा काही क्लब, गोल्फसारखा.

छापायच्या आधी पान कसं दिसेल ते त्यांनी मला फोनवर पाठवलं. मी एका प्रायमरी शाळेच्या ऑफिसात काम करते. त्या दिवशी समोर एक आई उभी होती आणि मी तिला समजावत होते की मुलाच्या वाढदिवसाला वर्गात केक पाठवायला आपल्या शाळेत परवानगी नाही, साखर फार होते, त्याऐवजी वर्गासाठी एखादं पुस्तक द्या. ती बिचारी घरी केलेला केक घेऊन परत गेली. तेवढ्या गडबडीत मी फोन बघितला. सुंदर सोनेरी पान, वर देवनागरीत शुभ दसरा. 'मस्त, करा,' असं लिहून पाठवून दिलं. खाली दुसरं चित्र होतं, पानाच्या मागच्या बाजूचं. ते मी उघडलंच नाही. माती खाल्ली ती तिथेच.

दसरा आम्ही जवळच्या शनिवारी करतो, भाड्याच्या हॉलमध्ये. एका टेबलावर पूजा मांडतो. शस्त्रं कुठली असणार आमच्याकडे? कुणाचा स्टेथोस्कोप, कुणाचा लॅपटॉप, कुणाची शिलाईची कात्री, टॅक्सी चालवणाऱ्या एका दादांच्या गाडीची किल्ली. आरती झाली की मुलं मोठ्यांच्या पाया पडतात आणि सोनं देतात. त्या वर्षीही पोरं रांगेत आली, वाकली, सोनं घ्या सोन्यासारखे राहा म्हणाली. एका आजींनी चष्मा पुसून पान उलटं केलं आणि मला विचारलं, हा ससा कसला गं?

ससाच होता तो. कार्टूनचा, गुबगुबीत, दोन दात पुढे, कानांवर हेडफोनसारखी कानटोपणं, डोळा मिचकावलेला आणि खांद्यावर बंदूक. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की आठ ते सोळा वयाच्या मुलांना पहिला धडा फुकट, आणि पाच पानं जमवून आणलीत तर हा ससा भेट, मऊ खेळण्यातला. मुलांना वाचता येतं. त्यांनी ते आमच्या आधी वाचलं होतं. पुढच्या पाच मिनिटांत अख्ख्या हॉलमध्ये पोरं ज्यांच्या पाया पडली होती त्यांच्याकडेच परत जाऊन म्हणत होती, आजोबा, तुम्हाला नको असेल तर ते गोल्ड परत द्या ना. दिलेलं सोनं मागून घेत होती हो! आणि आजोबा कौतुकाने देत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? काही नाही. स्टेजवर पाहुणे म्हणून तो मॅनेजर बसला होता, सणाचा दिवस होता, आणि नारळ आणि शाल देऊन त्याचा सत्कार करायला काकांनी माझंच नाव पुकारलं. मी दिला नारळ. फोटोत मी चक्क हसतेय. आपण माणसं अशीच, आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, मग पोटात काहीही जळो. तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो स्वतःच्या फोनमधून काढून टाकला.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्याकडे सात पानं जमली. एकुलती एक आमची, अबोल. शाळेत नेटबॉलच्या टीममध्ये निवडताना सगळ्यात शेवटी उरायची, आणि घरी आल्यावर मला काही झालं नाही असं सांगायची. नवरा म्हणाला, जाऊ दे एकदा, फुकट आहे, त्या माणसाने इतकं प्रेमाने बोलावलंय, काकांना वाईट वाटेल. गाडी मीच चालवली. हे मी लपवणार नाही.

तिथली कोच साठीची बाई. पायाशी तिचा म्हातारा कुत्रा, बोलणं अगदी मृदू. तिने मुलीला आधी अर्धा तास फक्त नियम शिकवले: नळीचं तोंड कुठे, बोट कुठे, कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं. मी दोष शोधायलाच गेले होते, पण शिकवण्यात दोष नव्हता. चौथ्या की पाचव्या बशीला माझ्या मुलीने गोळी घातली आणि ती बशी आकाशात भुगा होऊन विखुरली. मुलगी वळली. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता, तिच्या कुठल्याच वाढदिवसाला नाही. मला आनंद झाला आणि त्या आनंदाचा मला राग आला.

मग त्यांनी आम्हाला बाहेर सोडलं ते दुकानातून. बाहेर पडायचा दुसरा रस्ताच नाही, दुकानातूनच जावं लागतं. मुलांच्या उंचीला लावलेल्या शेल्फवर ससा. सशाचा टी-शर्ट, सशाची पाण्याची बाटली, सशाच्या स्टिकरचं पुस्तक: प्रत्येक भेटीला एक स्टिकर, दहा झाले की बिल्ला. आणि भिंतीवर मुलांच्या मापाच्या बंदुका, आखूड दांड्याच्या. एकीचा दांडा जांभळा. खेळण्याचा जांभळा नाही, खऱ्या काडतुसांच्या खऱ्या बंदुकीचा. खाली पाटी: माझी पहिली. माझी पहिली काय? माझी पहिली सायकल असते, माझी पहिली शाळा असते. माझ्या मुलीने त्या जांभळ्या दांड्यावरून हात फिरवला आणि तिच्या मोडक्या मराठीत मला म्हणाली, 'आई, हा बंदूक किती क्यूट आहे.'

क्यूट! ज्या देशात नाश्त्याच्या सिरीयलच्या डब्यावरच्या कार्टूनवरून लोक भांडतात, मुलांना भुलवता म्हणतात, तिथे सशाच्या खांद्यावर बंदूक चालते. माझ्या शाळेत वर्गात केक चालत नाही. टीव्हीवर लॉलीपॉपची जाहिरात कधी दाखवायची याची चर्चा होते. बंदूक विकत घ्यायला अठरा वर्षं लागतात म्हणे, पण शॉटगनच्या सर्टिफिकेटला, म्हणजे पोलिसांच्या परवान्याला, खालचं वयच नाही, हे मला तिथे त्या दुकानात कळलं. काउंटरवरच्या पोराने ते मला अभिमानाने सांगितलं, जणू लायब्ररीचं कार्ड.

घरी येऊन मी नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, तू उगाच आकांडतांडव करतेस, ऑलिंपिकमधला खेळ आहे. मी म्हटलं, खेळ असू दे ना, खेळाशी माझं भांडणच नाही, खेळाला ससा कशाला लागतो? पोहायला शिकवताना कुणी सशाला पाण्यात बुडवत नाही. तो हसला. तो हसला की भांडण संपलं असं त्याला वाटतं. मी काकांना फोन केला, तर त्यांनी इतिहासच काढला. आपण मराठी माणसं, शस्त्रपूजा आपली, आपण का घाबरायचं? मी विचारलं, काका, तुमच्या घरच्या विळीला धार कधी लावलीत शेवटची? त्यांनी विषय बदलला आणि शेवटी शांतपणे म्हणाले की पान तुम्हीच पास केलं होतं.

आणि मग सुरू झाला माझा खरा मूर्खपणा. मुलगी दर रविवारी जायला लागली आणि मी दर रविवारी मनात म्हणायची, या महिन्यानंतर बंद. दिवाळी होऊ दे, मग सांगते. ख्रिसमसची सुट्टी जाऊ दे. कोचने तिला वाढदिवसाला कार्ड पाठवलंय, आता लगेच कसं सांगायचं. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यात हे नको. प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची भीड आडवी यायची. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची, कणीक तिंबताना बडबडायची, आणि रविवारी सकाळी तिचा डबा भरून द्यायची, पोळीचा रोल, वर चटणी. मुलगी ताठ चालायला लागली. वर्गात हात वर करायला लागली. तिच्या टीचरने मला मुद्दाम बोलावून सांगितलं की ती किती बदललीय. मी धन्यवाद म्हटलं आणि गाडीत बसून रडले, आणि कशासाठी रडतेय ते माझं मलाच सांगता येईना.

पुढच्या दसऱ्याच्या दोन महिने आधी मॅनेजरची ईमेल आली. यंदाच्या सोन्याच्या पानावर सशाऐवजी माझ्या मुलीचा फोटो टाकायची त्यांची इच्छा होती. शक्य असेल तर तुमच्या पारंपरिक पोशाखात, म्हणजे परकर-पोलकं, केसांत फुलं आणि हातात ती जांभळी बंदूक. तुमच्या समाजातल्या इतर मुलींना त्यातून प्रेरणा मिळेल, असं लिहिलं होतं. ईमेल अतिशय नम्र होती. मी ती तीनदा वाचली. सशाने जेवढं काम केलं तेवढं पुरे होतं, आता पुढच्या पोरींना गोळा करायला माझी पोर हवी होती.

त्या रविवारी मी मैदानावर गेले आणि सगळं बोलले. एक वर्षाचं साचलेलं. मॅनेजर नव्हता, कोच होती, तिच्यावरच निघालं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिने इथे तीस वर्षांत शेकडो मुलं शिकवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि बंदुकीशी नीट वागायला शिकलेलं मूल हे न शिकलेल्या मुलापेक्षा सुरक्षित. हे तिचं म्हणणं प्रामाणिक होतं आणि ते मला खोडता आलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं, 'तुम्ही माझ्या मुलीला शिकवलंत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिला बंदूक हवी आहे हे तिला कुणी शिकवलं?' ती कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. सशाची कल्पना तिलाही आवडली नव्हती, असं ती म्हणाली, पण मुलं कमी होत चालली आहेत आणि मुलं आली नाहीत तर मैदान बंद पडेल. म्हणजे मैदान जगवायला आमची पोरं! फोटोला मी नाही म्हणून सांगितलं. पानं मी पुन्हा हाताने कापली, दुखऱ्या मनगटाने, आणि मागची बाजू कोरी ठेवली.

मला वाटलं, आता निवळेल. पण त्याच महिन्यात नवऱ्याने सर्टिफिकेटचा फॉर्म भरला. अठराच्या खालच्या मुलासाठी आईवडिलांपैकी एकाची सही पुरते, ती त्याने केली. मला सांगितलं ते फॉर्म गेल्यावर. कोचने सुचवलं होतं, पुढच्या स्पर्धांसाठी तिची स्वतःची बंदूक हवी, मापाची. मुलगी तेरा वर्षांची झाली होती. जिन्याखालच्या कोनाड्यात, जिथे माझा व्हॅक्यूम क्लीनर आणि पापडांचे डबे असतात, तिथे लोखंडी कपाट भिंतीला ठोकायचं ठरलं. माझे डबे न विचारता गॅरेजमध्ये गेले. मी नवऱ्याशी तीन दिवस बोलले नाही, आणि चौथ्या दिवशी बोलले ते इतकं की शेजारच्या बाईने दुसऱ्या दिवशी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

सर्टिफिकेट द्यायच्या आधी पोलिसांकडून माणूस घर बघायला येतो. आमच्याकडे आला तो शनिवारी सकाळी अकराला. पन्नाशीचा, बुटांना चिखल लागला होता म्हणून दारातच बूट काढणारा. मुलीने त्याला कपाटाची जागा दाखवली, किल्ली बाबांकडेच राहील हे सांगितलं, सगळे नियम न अडखळता म्हणून दाखवले. मी चहा केला. पाहुणा म्हटल्यावर माझे हात आपोआप चालतात, बिस्किटं मांडली, चिवडा काढला. त्याने चिवडा चांगला आहे म्हटलं. नवरा खूश होता. सगळं किती छान चाललं होतं.

मग त्याने फाइल उघडली आणि एकेकाला विचारलं. घरात कुणाला आजार, कुणाला दारू, कुणाचं भांडण. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, 'या घरात बंदूक येण्याला तुमची काही हरकत आहे का?'

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला माहीत आहे. आम्ही वाढलोच तसे, घरातलं काय ते घरात, बाहेरच्या माणसापुढे सगळे एका तोंडाने बोलतात. लग्न जमवायला आलेल्या लोकांपुढे, बँकेच्या माणसापुढे, डॉक्टरपुढेसुद्धा. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती मनातल्या मनात माझ्या वतीने उत्तर देऊन मोकळी झाली होती, पाठ सरळ, हात मांडीवर, मैदानावर शिकवल्यासारखे. आई नाही म्हणणारच नाही, याची तिला खात्री होती. का नसावी? वर्षभर मी तिचा डबाच तर भरला होता.

मी म्हटलं, 'हो, आहे. माझी हरकत आहे.'

त्याने पेन खाली ठेवलं नाही, लिहून घेतलं. कारण विचारलं. मी सांगितलं की माझी मुलगी जबाबदार आहे, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कोचही चांगली आहे, पण बारा वर्षांच्या मुलीला सणाच्या दिवशी सशाचं आमिष दाखवून ज्यांनी तिकडे नेलं, त्यांच्या यादीत माझं घर मला घालायचं नाही. इंग्रजीत ते किती धड निघालं देव जाणे. नवरा मधे बोलायला लागला तर मी त्याला हात दाखवून थांबवलं, पाहुण्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा. तो माणूस म्हणाला की हे त्याला वर कळवावं लागेल आणि आईची हरकत असताना अर्ज पुढे जाणं कठीण आहे. बूट घालताना त्याने चहाबद्दल माझे आभार मानले.

दार लागलं. नवरा मागच्या बागेत निघून गेला. मुलगी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. मी जाऊन खालच्या पायरीवर बसले आणि तयारीने सुरुवात केली, की तू मोठी झालीस की तुला कळेल, माझं भांडण तुझ्याशी नाही, त्या लोकांशी आहे, त्यांनी कसं ठरवून मुलांना... तिने मला पूर्ण करू दिलं. तशी ती शहाणी आहे. मग ती तिच्या मोडक्या मराठीत, अगदी हळू, राग न धरता म्हणाली,

'आई, मला शूटिंग येत नव्हता तेव्हाच तू नाही म्हणायचं होतं ना.'

आणि उठून वर गेली.